अझूल : शंभर फरश्या, दहा डाव आणि आपल्याकडचा उन्हाळा

बोर्डगेम चांगला की वाईट हे पहिल्या डावात कळत नाही. पहिल्या डावात नियम कळतात, दुसऱ्यात आपल्या चुका कळतात, आणि खेळाला किती खोली आहे ते सातव्या-आठव्या डावाला दिसू लागतं. त्यामुळे हे परीक्षण ‘दहा बाय दहा’च्या मापाने केलं आहे. बोर्डगेमचा छंद असलेले लोक जानेवारीत हा नेम धरतात : दहा खेळ निवडायचे आणि ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येकाचे दहा डाव पूर्ण करायचे. कडक प्रकारात दहा खेळांची यादी आधीच लिहून ठेवतात आणि मग तिला हात लावत नाहीत. सैल प्रकारात वर्षभर खेळत जायचं. ज्या दहा खेळांचे दहा डाव भरतील ते धरायचे. विदर्भातल्या खेड्यात, कवेलूच्या किंवा टिनाच्या घरात, कूलरच्या वाऱ्यात आणि लाईनच्या भरवशावर हा नेम धरायचा असेल तर विकत घ्यायचा पहिला डबा अझूलचा असावा, असं आमचं मत आहे. त्याला काही खोटही आहे, ती पुढे येईलच.

अझूल मायकेल कीसलिंग यांनी रचला. २०१७ साली तो बाजारात आला आणि २०१८ मध्ये त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. पोर्तुगालमध्ये भिंतींवर बसवतात त्या रंगीत फरश्यांवरून त्याची कल्पना आली. आपल्याकडे शिकवताना पोर्तुगालपर्यंत जायची गरज पडत नाही. प्रत्येक खेळाडू फरशी बसवणारा मिस्त्री आहे, माल गोदामातून उचलायचा, आधी ओळ जुळवायची आणि मग भिंतीवर चढवायचा, एवढं म्हटलं की शाळकरी पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना चित्र दिसतं.

डब्यात १०० फरश्या असतात, पाच रंगांच्या प्रत्येकी २०. त्याखेरीज ४ खेळाडूपट, ९ गोल चकत्या, गुणांसाठी ४ काळे ठोकळे, पहिला नंबर कोणाचा हे दाखवणारी एक वेगळी फरशी आणि एक कापडी पिशवी. पार्सल हातात आलं की आधी फरश्या रंगाप्रमाणे मोजाव्यात. तालुक्याच्या कुरिअरवाल्याकडून गावापर्यंत येताना डब्याचे कोपरे दबतात, तेवढं चालून जातं. एक फरशी कमी निघाली तर मात्र त्याच दिवशी फोटो काढून परत पाठवण्याची नोंद करावी, कारण परत घेण्याची मुदत थोडीच असते. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर नक्कल असू शकते. नकलेत फरश्यांची जाडी सारखी नसते आणि छपाई एका बाजूला सरकलेली असते. जाडी वेगळी म्हणजे पिशवीत हात घालताच बोटांना रंग ओळखू येणार, आणि मग खेळात राम उरत नाही.

नियम थोडे आहेत. दोघं असतील तर ५ चकत्या, तिघांना ७, चौघांना ९. प्रत्येक चकतीवर पिशवीतून न बघता काढलेल्या ४ फरश्या ठेवायच्या. आपल्या पाळीला एका चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या फरश्या उचलायच्या आणि उरलेल्या मधोमध ढकलायच्या. किंवा मधल्या ढिगातून एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या. ढिगाला जो पहिला हात लावेल त्याच्याकडे पुढच्या फेरीचा पहिला नंबर जातो, पण ती वेगळी फरशी त्याच्या ‘सांडलेल्या’ रांगेत जाऊन गुण खाते. उचललेल्या फरश्या पटाच्या डावीकडच्या पाच ओळींपैकी एकीत ठेवायच्या. या ओळींत अनुक्रमे १, २, ३, ४ आणि ५ घरं आहेत. ओळीत एकच रंग चालतो, आणि पटाच्या उजवीकडच्या पंचवीस घरांच्या भिंतीवर त्याच ओळीत तो रंग आधीच बसलेला असेल तर तो पुन्हा घेता येत नाही. न मावलेल्या फरश्या खाली सांडतात. चकत्या आणि मधला ढीग रिकामा झाला की भरलेल्या प्रत्येक ओळीतली एक फरशी भिंतीवर चढते आणि त्या ओळीतल्या बाकीच्या डब्याच्या झाकणात जातात. कोणाची आडवी पाच फरश्यांची ओळ भिंतीवर पूर्ण झाली की त्या फेरीअखेर डाव संपतो.

शिकवताना हे सगळं एकदम सांगू नये. आधी उचलणं आणि ओळीत ठेवणं दाखवून एक फेरी उघड्याने खेळावी आणि फेरी संपल्यावर गुण समजवावेत. शेवटचे जादा गुण दुसऱ्या फेरीच्या आधी सांगितले तरी वेळ गेलेली नसते. डब्यातल्या पुस्तिकेत मराठी नाही, पण त्याने अडत नाही, कारण फरश्यांवर किंवा पटावर वाचावं लागेल असं काहीच नाही. अक्षरओळख नसलेली आजी इथे नातवाला हरवू शकते. घरातल्या सगळ्यांना घेऊन नेम पूर्ण करायचा तर ही बाब फार मोलाची आहे.

चुका कुठे होतात ते नीट पाहायला हवं, कारण चुकीच्या नियमाने खेळलेला डाव वहीत धरायचा की नाही यावरून वाद होतात. सर्वांत जास्त गोंधळ गुणांत होतो. फरशी भिंतीवर बसली आणि तिला चारही बाजूंनी शेजारी नसेल तर १ गुण. आडवे शेजारी असतील तर सलग आडवी रांग मोजायची, बसवलेली फरशी धरून. उभे असतील तर उभी रांग, पुन्हा ती फरशी धरून. दोन्हीकडे शेजारी असतील तर दोन्ही रांगांची बेरीज. उदाहरणार्थ, डावीकडे सलग दोन फरश्या आणि वर एक असेल तर आडवे ३ अधिक उभे २, एकूण ५. पण डावीकडे दोन आणि वर-खाली काहीच नसेल तर फक्त ३. नवे लोक इथे उभ्याचा एक वाढवून ४ घेतात, ते चूक. दुसरी चूक क्रमाची : वरच्या ओळीपासून खाली एकेक फरशी चढवत गुण घ्यायचे असतात, कारण वरची बसल्यामुळे खालचीला शेजार मिळतो. सगळ्या एकदम चढवल्या तर हिशोब बिघडतो. तिसरी चूक, अर्ध्या भरलेल्या ओळी फेरीअखेर साफ करणं. त्या तशाच राहतात आणि पुढच्या फेरीत भरता येतात. सांडलेल्या रांगेची सात घरं आहेत : वजा १, १, २, २, २, ३, ३, म्हणजे पूर्ण भरली तर एका फेरीत १४ गुण जातात. गुण शून्याखाली मात्र जात नाहीत.

आता दहा डावांचं. पहिल्या दोन डावांत प्रत्येक जण आपापली भिंत सजवतो आणि समोरच्याकडे बघत नाही. तिसऱ्या-चौथ्या डावात सांडण्याची भीती बसते आणि लोक फारच सांभाळून खेळू लागतात. पाचव्या डावाच्या सुमारास कळतं की वजा १ किंवा वजा २ सोसून हवा तो रंग घेणं पुष्कळदा परवडतं. खरी रंगत त्यानंतरची. मध्ये पाच लाल साठल्या आहेत, समोरच्याच्या पटावर लालला एकच घर उरलं आहे, मग आपण बाकीचे रंग उचलून संपवायचे आणि ते पाच लाल त्याच्या गळ्यात घालायचे. दिसायला इतका शांत असलेला खेळ इथे चांगलाच चावरा होतो, आणि म्हणूनच दहा डाव पेलतो.

आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भिंतीवर एक उभी रांग पूर्ण करायला १ अधिक २ अधिक ३ अधिक ४ अधिक ५, म्हणजे १५ फरश्या लागतात आणि शेवटी ७ जादा गुण मिळतात. एका रंगाच्या पाचही फरश्या भिंतीवर लावल्या तर १० जादा गुण, पण त्यालाही त्या एकाच रंगाच्या १५ फरश्या लागतात, आणि त्या रंगाच्या डब्यात आहेतच २०. त्यामुळे दहाच्या मागे पहिल्या फेरीपासून लागलेला माणूस बहुधा उपाशी राहतो. उभी रांग जवळ दिसते आणि वाटेत शेजारगुणही देते. आडव्या ओळीचे जादा गुण फक्त २, आणि ती पूर्ण केली की डाव संपतो. तेव्हा पुढे असाल तेव्हाच वरच्या ओळीची घाई करावी.

दुसरी गोष्ट दोघांच्या डावाची. ५ चकत्या गुणिले ४, म्हणजे फेरीला २० फरश्या. पाच फेऱ्यांत बरोबर १००. डाव पाच फेऱ्यांच्या आत संपू शकत नाही, कारण आडव्या ओळीत फेरीला एकच फरशी चढते. याचा अर्थ पाचव्या फेरीच्या आधी पिशवीत नेमक्या २० उरतात, आणि भिंती, ओळी, झाकण बघून कोणत्या रंगाच्या किती यायच्या आहेत हे मोजता येतं. काळ्या १७ दिसल्या असतील तर पाचव्या फेरीत ३ येणार, मग काळ्याची चार घरांची ओळ रिकामी उघडणं वेडेपणा आहे. चौघांत असं होत नाही. फेरीला ३६ जातात, तिसऱ्या फेरीतच पिशवी संपते आणि झाकणातल्या फरश्या परत भराव्या लागतात. दोघांचा खेळ हिशोबाचा, चौघांचा नशिबाचा आणि गलक्याचा. तिघांचा आम्हाला सर्वांत समतोल वाटतो. दहा डाव भरताना चार दोघांत, तीन तिघांत आणि तीन चौघांत असं वाटून घेतलं तर खेळाचे सगळे रंग दिसतात. पटाच्या मागे राखाडी भिंत असते, तिच्यावर रंगांची जागा ठरलेली नसते. फक्त उभ्या रांगेत रंग दुबार येऊ द्यायचा नाही. ती बाजू आठव्या डावाआधी काढू नये. लवकर काढली तर नवखा माणूस स्वतःलाच कोंडून घेतो.

खोट आहे ती पटात. पट सपाट पुठ्ठ्याचा आहे, फरशी अडकायला खाच नाही. सतरंजीवर खेळताना कोणी मांडी बदलली, गुडघा लागला की पट तिरपा होतो आणि भिंत घसरते. गुणांचा काळा ठोकळा तर फुंकरीनेही सरकेल इतका हलका. याला दोन उपाय चालतात. पट सतरंजीवर न ठेवता प्रत्येकाला एक लाकडी पाट द्यावा. घरात चार पाट सहसा निघतातच. आणि ठोकळ्याचा नाद सोडून गुण पाटीवर लिहावेत, फेरीप्रमाणे, म्हणजे चूक मागे जाऊन सापडते. ‘क्रिस्टल मोझेक’ नावाची पुरवणी मिळते, तिच्यात पटावर बसवायच्या पारदर्शक खाचांच्या चौकटी असतात. पण मूळ डब्यात असायला हवी होती ती वस्तू वेगळ्या पैशाने घ्यावी लागते, हे आम्हाला पटलेलं नाही.

उन्हाळ्यात मात्र अझूल इतर खेळांना मागे टाकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, नवतपात तर दुपारी बारा ते चार घराबाहेर पाय ठेवत नाही. नेमातले डाव भरायची हीच वेळ, आणि याच वेळी खोलीत कूलर सुरू असतो. कूलरचा वारा जोराचा आणि दमट. पत्ते उडतात आणि आठवड्याभरात वाकतात. पुठ्ठ्याच्या पातळ तुकड्यांचे खेळ, उदाहरणार्थ ७२ तुकड्यांचा कार्कासोन, कूलरसमोर मांडणं म्हणजे दर दोन मिनिटांनी नकाशा पुन्हा लावणं. अझूलच्या फरश्या जड आहेत, जागच्या हलत नाहीत. चकत्यांवर फरश्या असतात तोवर त्याही हलत नाहीत. रिकाम्या झाल्या की उचलून बाजूला ठेवाव्यात. पट मात्र पुठ्ठ्याचे, म्हणून खेळ झाल्यावर डबा कूलरच्या खोलीत ठेवू नये. पट वाकलेच तर दोन पाटांमध्ये ठेवून वर जड वजन द्यावं, एक-दोन दिवसांत बरेच सरळ होतात.

पावसाळ्यात वाळवी आणि उंदीर हे दोन शत्रू. मातीच्या भिंतीला टेकून जमिनीवर ठेवलेला पुठ्ठ्याचा डबा वाळवीला आयतं जेवण आहे. लोखंडी पेटीत ठेवावा, पेटीखाली दोन विटा द्याव्यात, आणि चपलांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकाव्यात. कापडी पिशवीला चिवड्याचा वास लागला की उंदीर तीच आधी कुरतडतो, म्हणून खाणं आणि खेळ वेगळे ठेवलेले बरे. फरश्या तेलकट झाल्या तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवाव्यात आणि सावलीत फडक्यावर वाळवाव्यात. उकळतं पाणी किंवा कडक ऊन नको. तीन वर्षांखालच्या लेकरांपासून डबा दूर ठेवावा. फरशी हुबेहूब चॉकलेटसारखी दिसते.

रात्री लाईन गेली तर मोबाइलच्या टॉर्चवर हा खेळ खेळू नये. मंद उजेडात आणि सावलीत निळी आणि काळी फरशी फसवते आणि उचललेल्या रंगावरून भांडण होतं. पांढऱ्या उजेडाचा चार्जिंगचा दिवा डोक्याच्या वर टांगला तर सावली पडत नाही.

नेमाचं वेळापत्रक पिकावर बसवावं, इंग्रजी कॅलेंडरवर नाही. शंभर डाव भागिले ५२ आठवडे म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन, हा हिशोब कागदावर सोपा दिसतो. पण पेरणीचा महिना धरा, सोयाबीनची सोंगणी धरा, पुढे कापसाचा वेचा आणि हरभऱ्याच्या ओलिताच्या रात्रपाळ्या धरा. वर्षातले चार महिने खेळ जवळजवळ बंदच. उरले सुमारे ३५ आठवडे, म्हणजे आठवड्याला तीन डाव. शेतकऱ्याच्या घराला हे जड आहे. त्यांनी पहिल्या वर्षी ‘पाच बाय पाच’ धरावं, पंचवीस डाव. ज्यांना शंभर करायचेच आहेत त्यांनी एप्रिल ते मध्य जून एवढ्यात निम्मे उरकावेत, आणि पोळा, तान्हा पोळा, महालक्ष्म्या या दिवसांत घरी येणारी माणसं चौघांच्या डावांसाठी राखून ठेवावीत. नेम मोडतो तो डिसेंबरमध्ये, जेव्हा एकेका खेळाचे सहा-सात डाव बाकी राहतात आणि घरात कोणी रिकामं नसतं. म्हणून ऑक्टोबर लागण्याआधी प्रत्येक खेळाचे किमान आठ डाव झालेले हवेत.

वहीत पाच रकाने पुरतात : तारीख, खेळ, किती जण, प्रत्येकाचे गुण, शेरा. अर्धवट सोडलेला डाव धरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. ज्यांना दहाचा आकडा काटेकोर वाटतो त्यांनी ‘एच’ अंक ठेवावा : जितके खेळ तितक्या वेळा खेळून झाले तो आकडा. सहा खेळांचे डाव १२, ९, ७, ५, ५, ३ असतील तर पाच खेळ किमान पाच वेळा झाले, म्हणून अंक ५. तो वाढवायचा तर नवा डबा आणून उपयोग नाही, मागे पडलेला खेळ काढावा लागतो. कपाटात धूळ खाणाऱ्या डब्यांवर याच्याइतकं चांगलं औषध नाही.

पैशाचं बोलायचं तर अझूल स्वस्त नाही, किंमत हजारांत जाते. तीन हजार धरले आणि वर्षात दहा डाव झाले तर डावाला ३०० रुपये, चौघांत वाटले तर माणशी ७५. दुसऱ्या वर्षी आणखी दहा झाले की निम्मे. असे दहा डबे घेण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. यादीतली निदान पाच-सहा नावं घरच्या खेळांची असावीत : चिंचोक्यांवर सारीपाट, जमिनीवर खडूने आखलेली वाघ-बकरी, बुद्धिबळ, कॅरम, पत्त्यांतला बदाम सात. वाघ-बकरीचे लागोपाठ दहा डाव, बाजू बदलून बदलून खेळले, की त्या खेळात किती आहे ते कळतं. तो अझूलच्या बाजूला बसायला कुठेही कमी पडत नाही.

ज्या घरात पोरांना गोष्ट हवी असते, राजा, राक्षस, लढाई, तिथे अझूल नेऊ नये, तिसऱ्या डावाला कंटाळतील. फार विचार करणारा गडी असेल तर चौघांचा डाव ४५ मिनिटांचा सव्वा तास होतो. फेरीच्या शेवटच्या दोन-तीन उचलींत तोच तो सगळं अडवून धरतो.

आणि एक फरशी हरवलीच, शेणसारवल्या जमिनीच्या भेगेत गेली किंवा पोराने खिशात नेली, तर बाटलीचं झाकण घालून भागवू नये, पिशवीत हाताला कळतं. बाकीच्या चार रंगांची एकेक फरशी काढून ठेवावी. प्रत्येकी १९, एकूण ९५. दोघांच्या डावात पाचव्या फेरीला ५ कमी पडतील, त्या झाकणातल्या फरश्या पिशवीत परत टाकून काढाव्यात, आणि हरवलेली सापडेपर्यंत वहीत त्या डावांपुढे ९५ असा आकडा लिहावा.